पार्लमेंट बघून आलात, म्हणजे काय बघून आलात?

दिल्लीला जाऊन आलेली आपली पोरं पहिलं काय दाखवतात? मोबाइलमधले फोटो. लाल किल्ला, कुतुबमिनार, इंडिया गेट आणि पार्लमेंट. पार्लमेंटच्या फोटोत पुढं लोखंडी जाळी असते, जाळीमागं बंदूकवाला, आणि त्याच्याही मागं कुठंतरी दगडी खांबांची ती गोल इमारत. वस्तीतल्या आया-बहिणी त्या फोटोला हात जोडतात. एका म्हातारीनं तर मोबाइल कपाळाला लावलेला मी बघितलाय. झालं, यात्रा पावली! पंढरपूर सोडलं, जेजुरी सोडली, देव्हाऱ्यातले देव नदीत बुडवले, बावीस प्रतिज्ञा तोंडपाठ केल्या, आणि आता दिल्लीत हे नवं देऊळ शोधून काढलं.

म्हातारीला मी काही बोलणार नाही. तिचा हात जिथं जातो तिथं बाबासाहेब असतो. पण तुम्ही? तुम्ही कॉलेजं केलेली, मोर्च्यात घसा फोडणारी पोरं. तुम्ही काय बघून आलात?

पार्लमेंट बघू नका असं माझं म्हणणं नाही. जरूर बघा. पण गोदीत नवा माणूस कामाला लागला की तो काय बघतो? बोटीचा रंग बघत नाही. क्रेनचा दोर किती टनाचा आहे ते बघतो, मुकादम कुणाच्या बाजूचा आहे ते बघतो, पाळी किती तासांची आहे ते बघतो. जिथं आपल्या जिवाचा सवाल असतो तिथं माणूस टूरिस्टासारखा बघतच नाही. पार्लमेंट आपल्या जिवाचा सवाल आहे की नाही, एवढं आधी ठरवा.

गाइड सांगतो ते ऐकून घ्या. १९२१ साली ड्यूक ऑफ कॅनॉटनं पायाचा दगड बसवला. १९२७ च्या जानेवारीत लॉर्ड आयर्विननं उद्घाटन केलं. लटयन्स आणि बेकर ह्या दोन गोऱ्या आर्किटेक्टांनी नकाशा काढला, खर्च ८३ लाख, व्यास ५६० फूट, बाहेरचे खांब १४४. ह्यात खोटं काही नाही. दगड कुणी फोडला, कुणाच्या डोक्यावरनं वर गेला, ते गाइड सांगत नाही. त्याच्या पुस्तकात ते नसतं.

पण गाइड आणखी एक गोष्ट सांगत नाही. लोकसभेच्या कामकाजाचे नियम छापलेले आहेत. त्यातला ३८६ वा नियम काढून वाचा. वर गॅलरीत जाऊन बसणाऱ्या तुमच्या-माझ्यासारख्या माणसाला त्या नियमात इंग्रजीत काय म्हटलंय? स्ट्रेंजर. म्हणजे परका. उपरा. ३८७ वा नियम सांगतो की अध्यक्षाला वाटलं तर परक्यांना बाहेर जायला सांगता येतं. हा शब्द लंडनच्या पार्लमेंटाचा. तिथल्या हाउस ऑफ कॉमन्सनं २००४ साली लोकांना परकं म्हणणं सोडून दिलं. आपण मात्र साहेबाचा जुना कोट अजून अंगात घालून फिरतोय.

सातशे-आठशे माणसं खाली बसतात ती आपल्या मतावर. त्यांचा पगार, भत्ता, विमान, बंगला आपल्या पैशावर. आणि घराचा मालक वर माळ्यावर परका म्हणून बसणार! टाळी वाजवायची नाही, बोलायचं नाही, कठड्यावर वाकायचं नाही, कागद-मोबाइल न्यायचा नाही. तासाभरानं पास संपला की उठायचं. गावकुसाबाहेर ज्यांच्या पिढ्या गेल्या त्यांना ह्या शब्दाचा अर्थ कळायला डिक्शनरी लागत नाही. पाटलाच्या वाड्यात आपला आजा असाच जायचा. खालच्या पायरीशी, तोंड मिटून, बोलावलं तर.

ह्याच गोल इमारतीच्या गॅलरीत ८ एप्रिल १९२९ ला दोन परके बसले होते. भगतसिंग आणि बटुकेश्वर दत्त. बॉम्बची गोष्ट सगळ्यांना पाठ आहे, सिनेमे निघालेत, टी-शर्ट निघालेत. पण त्या वेळी खाली काय चाललं होतं हे दहा पोरांना विचारा, नऊ गप्प बसतील. खाली ट्रेड डिस्प्यूट्स बिल नुकतंच मंजूर झालं होतं आणि पब्लिक सेफ्टी बिलावर अध्यक्ष विठ्ठलभाई पटेल आपला निर्णय द्यायला निघाले होते. पहिलं बिल कामगारांच्या नरड्याला होतं. १९२८ साली आपल्या मुंबईतल्या गिरण्या सहा महिने बंद पडल्या होत्या, गिरणीमालकांची आणि सरकारची झोप उडाली होती, त्या झोपेसाठी हे औषध. (त्याच गिरण्यांत विणखात्यात आपल्या माणसाला घेत नसत, कारण तुटलेला धागा तोंडानं ओढावा लागायचा आणि सुताला आपली थुंकी लागायची. बाबासाहेबांनी टोचल्याशिवाय लाल बावट्याला ही थुंकी दिसली नव्हती. तेही लक्षात असू द्या.)

त्या कायद्यानं काय केलं? टपाल, पाणी, वीज, सफाई असल्या कामातल्या माणसांनी १४ दिवस आधी लेखी नोटीस दिल्याशिवाय काम बंद केलं तर तो गुन्हा ठरवला. सफाई म्हणजे कोण, ते मी सांगायला पाहिजे का? आणि सरकारवर दबाव आणण्यासाठी केलेला मोठा संपही बेकायदा ठरवला.

आता ९१ वर्षं पुढं या. सप्टेंबर २०२०. करोनाची साथ. शहरांतून हाकलला गेलेला मजूर पायी चालत गावाला जाऊन नुकता कुठं टेकला होता. इकडं त्याच गोल इमारतीत गॅलरीत एकही परका नव्हता. अंतर ठेवून बसता यावं म्हणून गॅलरीतसुद्धा खासदारच बसवले होते. राज्यसभेतले आठ खासदार निलंबित, बाकी विरोधक बहिष्कार टाकून बाहेर. आणि २२ आणि २३ सप्टेंबर ह्या दोन दिवसांत दोन्ही सभागृहांतनं तीन लेबर कोड मंजूर. मजुरीचा कोड आदल्या वर्षीच झाला होता.

काय आहे त्यात? इंग्रजानं १४ दिवसांची नोटीस ठरावीक सेवांना लावली होती. आपल्या लोकांनी ती सरसकट सगळ्या कारखान्यांना लावली. मालकाला कामगार कमी करायचे असतील, टाळं लावायचं असेल, तर सरकारची परवानगी घ्यावी लागायची, ती आधी १०० कामगारांपासून पुढं. आता ३०० पासून पुढं. म्हणजे २९९ माणसं घरी घालवायला विचारायला नको. गोदी कामगाराच्या सुरक्षिततेचा १९८६ चा वेगळा कायदा होता, तोही एका कोडानं गिळला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चारही कोड लागू झाले. त्या दिवशी आमच्या पाळीवर कुणाला पत्ता नव्हता. कंत्राटदाराला होता.

म्हणून म्हणतो, ८ एप्रिलची जागा दाखवणारा गाइड तुम्हाला भेटला तर त्याला बॉम्ब कुठं पडला ते विचारू नका. बिल कुठलं होतं ते विचारा.

आपल्या बापानं हे १९३८ सालीच ओळखलं होतं. मुंबई प्रांतात काँग्रेसचं सरकार आलं आणि त्यांनी तसलंच बिल आणलं, संपाला बेड्या घालणारं. बाबासाहेब असेंब्लीत त्या बिलाविरुद्ध बोलले आणि ७ नोव्हेंबर १९३८ ला बाहेर रस्त्यावर एक दिवसाचा संप केला, कम्युनिस्टांना बरोबर घेऊन. आतही आणि बाहेरही. आतला माणूस बाहेरच्यांना ओळखत होता, बाहेरचे आतल्याला ओळखत होते. हे ज्यांना जमलं नाही त्यांचं पुढं काय झालं ते आपल्या गटा-तटांकडं बघून कळतंच.

आता १३ डिसेंबर २०२३. नव्या इमारतीच्या गॅलरीतनं दोन पोरांनी लोकसभेत उड्या टाकल्या आणि पिवळा धूर सोडला. बाहेर रस्त्यावर आणखी दोघं धूर सोडून घोषणा देत होते, त्यातला एक आपल्या लातूर जिल्ह्यातला. त्याच तारखेला २००१ साली पार्लमेंटवर अतिरेकी हल्ला झाला होता, त्यात कमलेशकुमारीसारखे पोलीस-सुरक्षावाले मेले, बागेत काम करणारा एक माळीसुद्धा मेला. त्यामुळं ह्या पोरांची तारीखच घातकी होती. त्यांच्यावर यूएपीए लागला, गॅलरीचे पास बंद केले गेले. मी त्या पोरांची आरती ओवाळणार नाही. धुरानं कुणाचं पोट भरत नाही आणि त्यांच्या मागं कुठली संघटना, कुठला मोर्चा नव्हता. पण टीव्हीवर आठवडाभर एकच चर्चा: डबा बुटात लपवून आणला कसा, पास दिला कुणी. ही पोरं बेकारीबद्दल बोलत होती म्हणतात, त्यावर एक तास तरी चर्चा व्हायला काय हरकत होती? जाळी आणखी उंच झाली, बस्स.

मग बाबासाहेबांचं काय? पार्लमेंट बाबासाहेबांची कर्मभूमी, असं फोटोखाली लिहिता ना? ठीक आहे, मग तिथं त्यांनी काय कर्म केलं आणि त्यांच्या वाट्याला काय आलं ते तरी पुरं माहीत करून घ्या. व्हॉइसरॉयच्या कौन्सिलात मजूर मंत्री असताना त्यांनी फॅक्टरी कायद्यात दुरुस्ती आणली आणि १९४६ साली आठवड्याचे तास ४८ वर आले. हे त्याच गोल इमारतीत झालं. सेंट्रल हॉलमध्ये २५ नोव्हेंबर १९४९ ला ते उभे राहिले आणि घटना तयार झाल्याच्या आनंदात पेढे वाटण्याऐवजी त्यांनी सगळ्यांच्या तोंडात कडू घातलं: राजकारणात समता आणि समाजात, पैशाअडक्यात विषमता, ही विसंगती लवकर मोडली नाही तर ज्यांना विषमतेची झळ बसते ते ही लोकशाहीच उडवून लावतील. हिंदू कोड बिलाचा मुडदा पाडल्यावर १९५१ च्या सप्टेंबरात त्यांनी मंत्रिपद फेकलं. राजीनाम्याचं निवेदन करायला उभे राहिले तर ते आधी दाखवा म्हणून अडवलं, तेव्हा ते सभागृहातनं उठून चालते झाले. १९५२ साली मुंबईनंच त्यांना पाडलं, १९५४ साली भंडाऱ्यानं पाडलं. घटना लिहिणारा माणूस लोकसभेत निवडून जाऊ शकला नाही! राज्यसभेच्या दारानं त्यांना आत जावं लागलं.

आणि त्याच राज्यसभेत १९५५ च्या मार्चमध्ये ते काय म्हणाले, ते देऊळ-देऊळ करणाऱ्यांनी शोधून वाचावं. घटना जाळायला मी पहिला पुढं होईन असं ते आधी बोलून गेले होते, त्याचं कारण विचारलं गेलं. त्यांच्या उत्तराचा अर्थ असा, की आम्ही देवासाठी देऊळ बांधलं, पण देव बसवायच्या आत तिथं राक्षसानं ठाण मांडलं. मग देऊळ पाडण्यावाचून काय करायचं? ज्या माणसानं हे सांगितलं त्याच्याच नावानं आपण त्या देवळाच्या जाळीला हात जोडतोय. राक्षस आत बसलाय आणि आपण बाहेर सेल्फी काढतोय.

आता मूळ गोष्टीकडं येतो. आपली माणसं पार्लमेंटकडं पहिल्यांदा गेली ती टूरिस्ट म्हणून गेली नव्हती. १ ऑक्टोबर १९६४. रिपब्लिकन पक्षाचा मोर्चा दिल्लीत गेला. दादासाहेब गायकवाडांचा काळ. पंतप्रधान लालबहादूर शास्त्रींच्या हातात दहा मागण्यांचं पत्रक दिलं. ते ऐकलं गेलं नाही म्हणून ६ डिसेंबरपासून भूमिहीनांचा सत्याग्रह सुरू झाला. लाखो माणसं तुरुंगात गेली. लाखो! बायका लेकरं कडेवर घेऊन गेल्या. आज एका दिवसाच्या धरण्याला आपल्याला बस भरता येत नाही.

त्या पत्रकातली पहिली मागणी होती: पार्लमेंटच्या सेंट्रल हॉलमध्ये बाबासाहेबांचं तैलचित्र लावा. दुसरी मागणी: कसणाऱ्याला जमीन द्या. तिसरी: पडीक, मोकळी जमीन भूमिहीनाला द्या. पुढं धान्याचं वाटप आणि भाववाढीला लगाम, झोपडपट्टीवाल्यांचं जिणं सुधारणं, १९४८ चा किमान वेतन कायदा पुरता लागू करणं, बौद्ध झालेल्यांना सवलती, अत्याचार थांबवणं, अस्पृश्यतेच्या कायद्याखाली न्याय, आणि १९७० पर्यंत नोकऱ्यांतल्या राखीव जागा भरणं.

आता बघा काय झालं. १९६७ च्या एप्रिलमध्ये पार्लमेंटच्या आवारात पुतळा आला, राष्ट्रपती राधाकृष्णन यांच्या हस्ते. बाहेर, अंगणात. हॉलच्या भिंतीवर तैलचित्र यायला १९९० उजाडलं. म्हणजे मागितल्यापासून २६ वर्षं, आणि ज्या हॉलमध्ये त्यांनी घटना मंजूर करून घेतली तिथं त्यांचा चेहरा लागायला ४० वर्षं. बौद्धांच्या सवलतीही १९९० सालीच, व्ही. पी. सिंगांच्या काळात. (त्याच हॉलमध्ये २००३ साली सावरकरांचं चित्र लागलं. भिंतीला काय, कुणी खिळा ठोकला तरी चालतं.) मागणी क्रमांक एक मिळाली. मागणी क्रमांक दोन आणि तीन? महाराष्ट्रात गायरान कसून, राखून बसलेली आपली माणसं अजून तलाठ्याच्या दारात कागद घेऊन उभी आहेत. २०२२ साली हायकोर्टाच्या आदेशानंतर गायरानावरच्या घरांना हटण्याच्या नोटिसा लागल्या. सहावी मागणी किमान वेतनाची. तो १९४८ चा कायदाच आता मजुरीच्या कोडात विरघळलाय. अत्याचार थांबवा म्हटलं होतं १९६४ साली. त्यानंतर १९६८ चं किळवेणमणी झालं, २००६ चं खैरलांजी झालं. नोकऱ्या १९७० पर्यंत भरा म्हटलं होतं. भरल्या का, ते घरातल्या ग्रॅज्युएटला विचारा. सायकलवरनं डबे पोचवतोय तो.

सरकार हुशार असतं, दोस्तहो. दहा मागण्या दिल्या की ज्यात त्याचं काही जात नाही ती पहिली देतं. दगडाचा पुतळा, धातूचा पुतळा, तैलचित्र, पोस्टाचं तिकीट, नाणं. एकरभर जमीन देताना मात्र कलेक्टरपासून पोलीस पाटलापर्यंत सगळ्यांचा हात थरथरतो. आणि आपण दिल्लीला जाऊन तीच पहिली मागणी बघून येतो, फोटो काढतो, समाधानानं गाडीत झोपतो. मी त्या पहिल्या मागणीला कमी लेखत नाही. ज्यांनी ती लिहिली त्यांना ठाऊक होतं की भिंतीवरसुद्धा आपल्याला जागा नाकारलेली आहे. पण त्यांनी ती एकटी लिहिली नव्हती. खाली आणखी नऊ होत्या.

पुतळ्याचं पुढं काय झालं तेही बघा. २०२४ च्या जूनमध्ये बाबासाहेब, गांधी, शिवाजी महाराज ह्यांचे पुतळे मूळ जागेवरनं उचलून आवारातच एका बाजूला नेले. नाव ठेवलं प्रेरणा स्थळ. पूर्वी खासदार ह्या पुतळ्यांपुढं निदर्शनं करायचे, दाराशीच असल्यामुळं सगळ्यांना दिसायचं. विरोधक म्हणाले ते बंद करायलाच हलवले. सरकार म्हणालं, लोकांना नीट दर्शन घेता यावं म्हणून हलवले. सरकारच्या तोंडून खरा शब्द निघाला. दर्शन!

नव्या इमारतीबद्दल दोन शब्द. २८ मे २०२३ ला तिचं उद्घाटन झालं. त्रिकोणी इमारत, लोकसभेत ८८८ बाकं, राज्यसभेत ३८४. आदिवासी बाई राष्ट्रपती असताना उद्घाटन पंतप्रधानांनीच केलं, त्यांना बोलावलं नाही. तामिळनाडूच्या मठांतले स्वामी आले, मंत्र झाले आणि अध्यक्षाच्या खुर्चीजवळ राजदंड बसवला. प्रजासत्ताकात राजाची काठी! ह्या कामावर ६० हजार मजूर राबले असं पंतप्रधान त्या दिवशी म्हणाले, काही मजुरांना शाल-श्रीफळही मिळालं. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत दिल्लीत लॉकडाऊन होतं, स्मशानात जागा नव्हती, तेव्हाही हे बांधकाम अत्यावश्यक म्हणून चालू होतं, हे त्या शालीखाली झाकलं गेलं. आणि त्याच २८ मेला, तिथून थोड्याच अंतरावर जंतरमंतरला, नव्या पार्लमेंटकडं निघालेल्या पैलवान पोरींना पोलिसांनी रस्त्यावर फरफटत नेलं. आत मंत्र, बाहेर फरफट. ज्यांना नवी इमारत बघायची त्यांनी त्या दिवसाचे दोन्ही फोटो शेजारी शेजारी ठेवून बघावी.

जुन्या इमारतीला आता संविधान सदन म्हणतात. काम नव्या इमारतीत हलवलं आणि रिकाम्या घराला संविधानाचं नाव दिलं. ह्यावर मी काही बोलत नाही.

मी दोनदा दिल्लीला गेलो. दोन्ही वेळा धरण्याला. पार्लमेंट बघितलं नाही, बॅरिकेड बघितलं. संसद मार्गावर पोलीस चौकीच्या पुढं आपल्याला सोडत नाहीत, १४ एप्रिलला मात्र त्याच रस्त्यावर आपली जत्रा भरते, पुस्तकं विकतात, खाणं वाटतात, भीमगीतं लागतात. जयंतीला रस्ता मोकळा, मागणीला बंद.

आपले मार्क्सवादी दोस्त इथं लगेच टाळी वाजवतील. म्हणतील, आम्ही सांगतच होतो, संसद म्हणजे बडबडीचा अड्डा, सोडा तिचा नाद. नाही कॉम्रेड, तसं नाही. १९४६ साली ४८ तास तिथंच झाले. १९८९ चा ॲट्रॉसिटी कायदा तिथंच झाला. २०१८ च्या मार्चमध्ये सुप्रीम कोर्टानं त्या कायद्याचे दात काढले, तेव्हा २ एप्रिलला सगळा देश बंद झाला, पोरांनी गोळ्या खाल्ल्या, आणि ऑगस्टमध्ये त्याच पार्लमेंटला दुरुस्ती करून दात परत बसवावे लागले. आपल्या घामाचा भाव आणि आपल्या बहिणीच्या अब्रूचा कायदा जिथं ठरतो ती जागा पोरखेळ म्हणून सोडून द्यायला ज्यांचं आत काही गहाण नाही त्यांना परवडतं. आपल्याला परवडत नाही.

आणि आतले आपले? लोकसभेत अनुसूचित जातींच्या ८४ जागा आहेत. पुणे कराराची देणगी. उमेदवार आपल्या जातीचा, मतं सगळ्यांची, तिकीट पक्षाचं. त्यामुळं तो कुणाला घाबरतो ते उघड आहे. लेबर कोडांच्या वेळी ८४ पैकी किती जण बोलले, काय बोलले, हे शोधायला दिल्लीला जावं लागत नाही. लोकसभेच्या कामकाजाची छापील नोंद असते, संसद टीव्ही असतो. शब्दन् शब्द मिळतो. मोबाइल कपाळाला लावण्याऐवजी त्यावर हे वाचा. गोदीत मुकादम हजेरी घेतो, गैरहजर असला की खाडा पडतो, पैसे कापले जातात. आपल्या ८४ जणांचा खाडा कधी कुणी मांडलाय का?

तरी कुणाला जायचंच असेल तर जा, पास काढून वर गॅलरीत बसा. पण त्या पासाच्या अर्जाबद्दल एक गोष्ट सांगतो. त्यावर खासदाराची सही लागते, आणि सही करताना त्यानं लिहून द्यायचं असतं की हा माणूस माझा नातेवाईक आहे किंवा माझ्या चांगल्या ओळखीचा आहे, ह्याची जबाबदारी माझी. महाराष्ट्रात आपल्या राखीव जागा पाच. अमरावती, रामटेक, शिर्डी, लातूर, सोलापूर. मुंबईत एकही नाही, पण मुंबईतल्या आपल्या निम्म्या घरांचं गाव ह्या पाच जागांच्या आसपासच कुठंतरी निघतं. दिवाळीला, जयंतीला गावी जाल तेव्हा अर्ज घेऊन त्या खासदाराच्या ऑफिसात जा. अर्जाला १९६४ च्या त्या दहा मागण्यांची यादी टाचून द्या. आधी यादी वाचायला लावा, मग सही मागा. तुम्ही आमच्या ओळखीचे का, असं तो नक्की विचारेल. तेव्हा काय उत्तर द्यायचं ते तुमचं तुम्ही बघा.

कुणी सही दिली, कुणी हाकलून दिलं, कुणी चहा पाजून बोळवण केली, ते तारीख घालून अंकाच्या पत्त्यावर लिहून पाठवा.

जयभीम.